फाल्गुन-चैत्राची पत्रं : कुंडी, कैरी आणि वाळवण

या वेळच्या पत्रांत मोगरा आणि बटाट्याचा कीस यांविषयी सर्वांत जास्त विचारणा आहे, म्हणून त्या दोन्हींची उत्तरं लांबली आहेत. खालच्या मापांत वाटी म्हणजे 150 मिलिलिटरची आणि चमचा म्हणजे चहाचा.

प्रश्न : दक्षिणेकडच्या खिडकीच्या ग्रिलमध्ये मोगऱ्याच्या दोन कुंड्या आहेत. थंडीत तिथे भरपूर ऊन होतं. आता झाड हिरवंगार आहे, पण कळ्या धरत नाहीत. कोणतं खत घालू? (विलेपार्ले)

खताच्या आधी ऊन बघा. डिसेंबरच्या अखेरीस मुंबईत भर दुपारी सूर्य क्षितिजापासून जेमतेम 47-48 अंशांवर असतो, त्यामुळे दक्षिणेच्या खिडकीत ऊन तिरपं होऊन पार आत येतं. 21 मार्चला तो 71 अंशांवर असतो आणि मेच्या मध्याला थेट डोक्यावर. म्हणजे मोगऱ्याला उन्हाची खरी गरज असते तेव्हाच तुमच्या खिडकीवर वरच्या मजल्याच्या छज्जाची सावली पडू लागते. झाड तिथेच असतं, ऊन सरकलेलं असतं. एखाद्या सुट्टीच्या दिवशी सकाळी आठपासून दर तासाला कुंडीवर ऊन आहे का, एवढं टिपून ठेवा. बेरीज पाच तासांच्या खाली आली तर कोणत्याही खताने कळ्या येणार नाहीत. कुंडी ग्रिलच्या बाहेरच्या कडेला सरकवा किंवा पूर्वेच्या-पश्चिमेच्या खिडकीत हलवा.

दुसरं कारण छाटणीचं. मोगऱ्याला कळ्या नव्या फुटव्यांच्या टोकाला येतात. जानेवारीअखेर ते फेब्रुवारीत मोठी छाटणी करायची असते : सगळ्या फांद्या मातीपासून आठ-दहा इंचांवर कापायच्या, सुकलेल्या आणि आत वळलेल्या बुडातून काढायच्या, उरलेली पानं खुडून टाकायची. ती वेळ गेली असेल तर आता इतकं खोल कापू नका, बहर आणखी लांबेल. प्रत्येक फांदीचं टोक दोन पेरांनी खुडा. तीन-चार आठवड्यांत बाजूचे फुटवे येतात आणि त्यांवर कळ्या दिसतात. पुढेही फुलांचा एक बहर संपला की सुकलेल्या फुलांखाली दोन पेरं सोडून कापत राहायचं. असं करणाऱ्यांकडे जूनपर्यंत बहर येत राहतो.

आता खत. पानं गर्द हिरवी आणि लांब, पण कळ्या नाहीत, याचा अर्थ नत्र जास्त झालं आहे. मोहरीच्या पेंडीचं पाणी घालत असाल तर ते महिनाभर थांबवा. कुंडीतली वरची दोन इंच माती खुरप्याने मोकळी करून दहा-बारा इंची कुंडीला दोन मुठी जुनं शेणखत आणि एक मोठा चमचा बोनमील मिसळा. बोनमील हाडांच्या चुऱ्याचं असतं, ते नको असेल तर रोपवाटिकेत रॉक फॉस्फेट मिळतं, तेही एक चमचा चालेल. दोन्ही सावकाश लागू पडतात, आठवड्यात फरक दिसणार नाही. केळीच्या सालीच्या पाण्याचा सल्ला सगळीकडे दिला जातो, पण त्या पाण्यात पोटॅश फार थोडं उतरतं. साली बारीक चिरून कंपोस्टमध्ये टाकणं जास्त उपयोगाचं.

कळ्या आल्या, पण जांभळट होऊन गळू लागल्या, तर ती कीड असते. कळीला बारीक भोक असेल तर आत अळी आहे. अशा कळ्या रोज सकाळी वेचून पिशवीत बांधून कचऱ्यात टाका, कुंडीत पडू देऊ नका, कारण ही कीड पुढे मातीत कोषात जाते. सोबत आठवड्यातून एकदा कडुनिंबाच्या तेलाची फवारणी करा, प्रमाण पुढच्या उत्तरात आहे.

प्रश्न : जास्वंदीच्या शेंड्यांवर कापसासारखं पांढरं काहीतरी चिकटलं आहे. पाण्याने धुतलं की दोन दिवसांत परत येतं. (परळ)

हा पिठ्या ढेकूण. अंगावर मेणाचा थर असल्याने पाणी आणि साधी फवारणी त्यावरून घसरते. आधी सर्वांत भरलेले शेंडे कापून टाका. उरलेल्यांवर कानकोरण्याचा कापूस सर्जिकल स्पिरिटमध्ये बुडवून एकेक ढेकूण पुसा, पेरांच्या बेचक्यांत आणि पानांच्या देठाशी विशेष. मग एक लिटर कोमट पाण्यात 5 मिली कडुनिंबाचं तेल आणि 1-2 मिली भांडी घासायचा पातळ साबण. आधी तेल आणि साबण एकत्र घोटायचे, मग पाणी ओतायचं, नाहीतर तेल वर तरंगतं आणि पानं पोळतात. फवारणी ऊन उतरल्यावर, पानांच्या खालच्या बाजूने, दर पाच-सहा दिवसांनी तीनदा. एकदाच करून थांबलात तर अंड्यांतून निघालेली पुढची पिढी जागा घेते. खोडावर मुंग्यांची रांग असेल तर ती आधी तोडा. ढेकणाच्या गोड स्रावासाठी मुंग्या त्याची राखण करतात आणि त्याला नव्या फांदीवर नेऊन ठेवतात. कुंडी भिंतीला किंवा ग्रिलला टेकलेली असेल तर सुटी करा.

प्रश्न : मार्चमध्ये कोथिंबीर लावली की लगेच फुलावर येते. उन्हाळ्यात खिडकीत कोणती पालेभाजी होईल? (मुलुंड)

उष्णता वाढली की कोथिंबीर पानं सोडून तुऱ्याकडे वळते, त्यावर इलाज नाही. जूनपर्यंत तिचा नाद सोडा आणि समुद्रमेथी लावा. बाजारात वाळूत वाढवलेल्या इवल्या जुड्या मिळतात तीच. दहा-बारा दिवसांत हाताशी येते आणि दुपारचं कडक ऊन तिला नकोच असतं, म्हणून आपल्या खिडक्यांना ती फार सोयीची आहे.

दोन-अडीच इंच खोल ट्रे घ्या, मिठाईचा प्लास्टिकचा डबाही चालतो. तळाला आठ-दहा भोकं पाडा. चाळलेली नदीची वाळू आणि माती निम्मी-निम्मी. समुद्रकाठची वाळू आणून घालू नका, तिच्यातलं मीठ घरच्या पाण्याने पुरतं निघत नाही. एक फूट लांब-रुंद ट्रेला चार मोठे चमचे मेथीदाणे पुरतात. सहा ते आठ तास भिजवा, निथळा, दाण्याला दाणा लागेल इतके दाट पसरा आणि वर बोटाच्या पेराच्या चौथ्या हिश्शाएवढाच वाळूचा थर द्या. ओल्या सुती फडक्याने झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांत मोड वर दिसले की फडकं काढा, आणखी उशीर झाला तर रोपं फिकी आणि लोंबकळणारी होतात.

पाणी दिवसातून दोनदा, पण फवाऱ्याने. रोपं बुडाशी पातळ होऊन पट्ट्यापट्ट्याने कोलमडायला लागली तर ती बुरशी. कारण बहुधा तळाची भोकं बुजलेली असतात किंवा रात्री पाणी घातलेलं असतं. तो पट्टा वाळूसकट काढून टाका आणि पुढे फक्त सकाळी-दुपारी पाणी द्या. दोन-तीन इंच उंच झाली, दलांमधून पहिलं खरं पान डोकावलं, की मुळांसकट उपटा. वाळू निघण्यासाठी मुळं खाली धरून तीन पाण्यांत हलवायची, किंवा मुळंच कापून टाकायची. कांदा, लसूण आणि भिजलेली मूगडाळ घालून परतायची, झाकण ठेवायचं नाही.

कुंड्यांखालच्या ताटल्यांतलं पाणी आठवड्यातून एकदा तरी पूर्ण ओतून ताटली घासून घ्या. डेंग्यूच्या डासाची अंडी ताटलीच्या कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी बदलून जात नाहीत.

प्रश्न : बटाट्याचा कीस तळला की लालसर-तपकिरी होतो, आणि गेल्या वर्षी डब्यात बुरशीही आली. बटाटे चांगले मोठे निवडून घेतले होते. गच्ची वापरायला मिळत नाही, खिडकीतच वाळवते. (गोरेगाव)

या दोन वेगळ्या अडचणी आहेत. तळताना लाल होणं हा बटाट्यातल्या साखरेचा परिणाम. शीतगृहात ठेवलेल्या बटाट्यात थंडीमुळे पिष्टाची साखर होत जाते, आणि ती गरम तेलात लगेच करपते. चव घेतली तर असा बटाटा जरा गोडसर लागतो. घरी फ्रीजमध्ये ठेवलेल्या बटाट्याचंही हेच होतं. म्हणून किसासाठी नवा, पण पूर्ण पिकलेला, साल घट्ट बसलेला बटाटा घ्या. नखाने साल सुटत असेल तर तो कोवळा आहे, त्यात पाणी जास्त. बाजारात तळेगावचा म्हणून मिळणारा बटाटा या कामाला चांगला. शीतगृहातलाच मिळाला तर टोपलीत, अंधारात, हवेशीर जागी दहा-बारा दिवस ठेवा, साखर बरीच कमी होते. आकारावर जाऊ नका.

दोन किलोचं प्रमाण असं. बटाटे सोलून थेट पाण्यात टाका. मोठ्या भोकांच्या किसणीवर बटाटा आडवा धरून एकाच दिशेने, लांब धागे येतील असा, पाण्यातच किसा. मग पाणी नितळ दिसेपर्यंत धुवा, चार वेळा तरी. हे धुणं कंटाळवाणं आहे, पण पिष्ट राहिलं की कीस गोळ्यागोळ्याने चिकटतो आणि आतून ओला राहतो. तीन लिटर पाणी उकळा, त्यात तीन चमचे मीठ आणि पाव चमचा तुरटीची पूड. तुरटीने धागे मोडत नाहीत आणि काळे पडत नाहीत, मात्र जास्त झाली की तुरट चव उरते. कीस थोडा थोडा टाकून दोन ते तीन मिनिटं ठेवा. कडा पारदर्शक दिसल्या आणि धागा बोटाने दाबला असता वाकला, पण तुटला नाही, की लगेच चाळणीवर. पाच मिनिटं झाली तर लगदा होतो.

बुरशी येते ती अपुऱ्या वाळण्याने, आणि त्यात आपल्या हवेचा मोठा हात आहे. मुंबईत फेब्रुवारी ते मार्चचा मध्य हाच वाळवणाचा काळ. पुढे दमटपणा वाढत जातो आणि मे महिन्यात ऊन कडक असूनही वस्तू खडखडीत वाळत नाहीत. शिवाय दुपारच्या सुमारास खारा वारा सुटतो, तोही हवेत ओलावा आणतो. म्हणून सकाळी सातला कीस पसरलेला असावा, यासाठी कीस काढणं आणि वाफवणं पहाटे उरका. जाड प्लास्टिकपेक्षा सुती धोतर किंवा जुनी सुती साडी घ्या, खालूनही हवा लागते. ग्रिलच्या पट्ट्यांवर आधी मच्छरदाणीची जाळी, त्यावर कापड, त्यावर एकेरी थर, आणि वरून पुन्हा जाळी. कबुतरांमुळे वरची जाळी टाळू नका. संध्याकाळी पाचला सगळं घरात आणून पंख्याखाली ठेवायचं. रात्री बाहेर राहिलं की दिवसभरात गेलेलं पाणी हवेतून परत येतं.

दोन दिवसांनी एक धागा मोडून पाहा. कट्‌ असा आवाज करून तुटला पाहिजे, वाकला तर आणखी एक दिवस. वाळल्यावर खोलीत पूर्ण गार होऊ द्या. उन्हातून काढलेला गरम कीस डब्यात भरला की झाकणाला आतून पाणी धरतं, आणि बुरशी तिथूनच सुरू होते. दोन किलोचा वाळून सुमारे 300 ग्रॅम भरतो. मे महिन्याच्या अखेरीस, पावसाआधी, एकदा पुन्हा ऊन दाखवा. तळताना तेल चांगलं तापलेलं हवं : एक धागा टाकल्यावर दोन-तीन सेकंदांत फुलून वर आला की योग्य.

प्रश्न : चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाला पन्नास जणींसाठी आंबेडाळ करायची आहे. मागे केली तेव्हा संध्याकाळपर्यंत पाणी सुटलं आणि आंबूस वास आला. (गिरगाव)

पन्नास जणींना दोन-दोन मोठे चमचे द्यायचे तर एक किलो चणाडाळ पुरते. भिजल्यावर ती दुपटीहून अधिक होते. चार, फार तर पाच तास भिजवा. आदल्या रात्री भिजत घालण्याची सवय थंड गावी ठीक, इथे चैत्रात रात्रभरात पाण्याला फेस येतो आणि आंबण्याची सुरुवात तिथेच होते. सकाळी अकराला भिजवली तर चारला वाटता येते. एवढाही वेळ नसेल तर भिजवून फ्रीजमध्ये ठेवा.

निथळणं महत्त्वाचं. डाळ चाळणीत वीस मिनिटं ठेवून मग स्वच्छ पंचावर पसरून टिपा. मिक्सरमध्ये भांडं अर्धंच भरा, हिरव्या मिरच्या आणि थोडं आलं घालून बटण थांबत थांबत फिरवा, पाण्याचा थेंब घालू नका. काही दाणे अर्धे दिसले पाहिजेत. सलग फिरवली की पिठलं होतं, मग ती मोकळी होत नाही.

पाणी सुटतं ते मिठामुळे. मीठ आणि साखर कैरीच्या किसातलं पाणी बाहेर ओढतात. म्हणून तीन डबे वेगळे ठेवा : वाटलेली डाळ, कैरीचा कीस, आणि खोबरं-कोथिंबीर, तिन्ही फ्रीजमध्ये. किलोभर डाळीला आंबट कैरी असेल तर चार-पाच वाट्या कीस, तोतापुरी असेल तर सात-आठ, कारण तिला आंबटपणा कमी. दोन वाट्या ओलं खोबरं, सहा-सात चमचे साखर, मीठ चवीने. फोडणीला पाऊण वाटी तेल, तीन चमचे मोहरी, दोन चमचे हिंग, दोन चमचे हळद, दहा-बारा सुक्या मिरच्या. हिंगात कंजुषी नको, कच्च्या डाळीला तोच लागतो. फोडणी पूर्ण गार करून घाला. गरम फोडणीने खोबरं लवकर खराब होतं.

बायका यायला लागल्या की पाव भाग कालवा, तो संपत आला की पुढचा. कालवलेली डाळ बाहेर दोन तासांहून जास्त ठेवायची नाही.

प्रश्न : पन्ह्याला कडवट-तुरट चव येते. गूळ वाढवला तरी जात नाही. (बोरिवली)

कैरीचा चीक आणि साल ही कारणं. देठाकडचा भाग बोटभर जाडीने कापून कैऱ्या अर्धा तास पाण्यात बुडवून ठेवा, चीक पाण्यात उतरतो. मग पाण्यात न उकळता, डब्यात घालून कुकरमध्ये वरणासारख्या तीन शिट्ट्या काढा. गर काढताना सालीला चिकटलेला हिरवा थर खरवडू नका, कोयीभोवतीचाच घ्या. एक वाटी गराला दीड ते दोन वाट्या चिरलेला गूळ, गर गरम असतानाच, म्हणजे विरघळतो. मग गाळून घ्या. गुळात खडे-काड्या असतातच. वेलची आणि चिमूटभर मीठ. पाणी न घालता हा गर काचेच्या बरणीत, फ्रीजमध्ये, कोरड्या चमच्याने घेतला तर आठवडाभर राहतो. पेल्याला दोन मोठे चमचे.

प्रश्न : पाडव्याला घरी साखरगाठी केल्या, पण त्या चिकट राहिल्या आणि दोऱ्यावरून ओघळल्या. पाक स्वच्छ राहावा म्हणून लिंबू पिळलं होतं. (चेंबूर)

लिंबूच नडलं. आंबटाने साखरेचे स्फटिक बनायचं थांबतं. पाक चकचकीत ठेवायचा असतो तेव्हा ते हवं असतं. गाठीला उलट स्फटिक हवेत, म्हणून तर ती पांढरी आणि ठिसूळ दिसते. मळी काढायला लिंबाऐवजी एक चमचा दूध घाला आणि वर येणारा फेस झाऱ्याने काढा.

दोन वाट्या साखर, अर्धी वाटी पाणी. गार पाण्यात थेंब टाकल्यावर घट्ट गोळी झाली, की आच बंद. थर्मामीटर असेल तर 120 ते 125 अंश सेल्सिअस. आता डावाने ढवळत राहा. कडेला पांढुरकं दिसलं की क्षणात ओता. एक मिनिट उशीर झाला तर सगळं भांड्यातच बसतं. तसं झालं तर दोन चमचे पाणी घालून परत वितळवून पाक करता येतो. साच्याला, नाहीतर लहान वाट्यांना, तुपाचं बोट फिरवून दोरा आधीच आडवा टाकून ठेवा. वीस मिनिटांत सुटतात. पाडव्यापर्यंत हवाबंद डब्यात ठेवा, उघड्यावर दोन दिवसांत त्यांना पाणी सुटतं.

प्रश्न : खिडकीच्या ग्रिलला गुढी बांधतो. दुपारपर्यंत ती वाऱ्याने फिरते, तांब्या कलतो आणि साडी घसरते. शिवाय भेट द्यायला टेबलावरची छोटी गुढी करायची आहे, ती पुढे झुकते. (दादर)

काठी फिरते, कारण ती एकाच ठिकाणी बांधलेली असते. चार-पाच फुटांची काठी असेल तर ग्रिलच्या दोन पट्ट्यांना, किमान दीड फुटाच्या अंतराने बांधा. सुतळी पाण्यात भिजवून आवळा. नायलॉनची दोरी गुळगुळीत बांबूवर सरकते. साडी घसरू नये म्हणून टोकापासून चार इंचांवर सुरीने काठीभोवती बारीक खाच पाडा आणि निऱ्यांची पहिली गाठ त्या खाचेत बसवा. कडुनिंबाचा डहाळा, आंब्याची पानं, हार, गाठी हे सगळं त्याच गाठीवर दुसऱ्या दोऱ्याने. तांब्या कलतो तो तोंड रुंद आणि काठी बारीक म्हणून. टोकाला सुती कापडाची पट्टी गुंडाळत जा आणि तांब्या उपडा घालून जरा फिरवून घट्ट बसेल इतकीच जाडी करा. ग्रिलबाहेर काही झुकणार असेल तर तांब्याच्या गळ्यात आणखी एक दोरा घालून काठीला बांधा. खालून माणसं जात असतात.

टेबलावरच्या गुढीला एक फूट उंचीची, 8 ते 10 मिलिमीटर जाडीची गोल लाकडी काठी पुरे. कापड पुढच्या बाजूला असतं, त्यामुळे सगळं वजन पुढे येतं. चार इंची लाकडी चकतीला मध्यभागी भोक न पाडता मागच्या कडेपासून सव्वा इंचावर पाडा, म्हणजे पुढे जास्त आधार राहतो. भोक काठीच्या मापाचंच, फेव्हिकॉल लावून रात्रभर सुकू द्या. चकती हलकी वाटली तर खाली जुन्या टाइलचा तुकडा चिकटवा. खणाचं किंवा जरीकाठाचं कापड 24 इंच रुंद आणि 8 इंच उंच घ्या. दोन इंचाची एक निरी चार इंच कापड खाते, म्हणजे सहा निऱ्या होतात. काठ खाली ठेवा, निऱ्या वरच्या कडेला टाचणीने धरून इस्त्री करा, मग धावदोरा घालून काठीला बांधा. जरीवर थेट इस्त्री नको, मध्ये सुती फडकं ठेवा, नाहीतर प्लास्टिकची जर आकसते. वर दीड-दोन इंची तांब्याचा किंवा पितळेचा गडू. पानं खरी लावलीत तर दुसऱ्या दिवशी वाळून गळतात, म्हणून भेटीच्या गुढीला हिरव्या कॉटनची पानं कापा आणि कापायच्या आधी कापडाला पातळ केलेला फेव्हिकॉल लावून वाळवा. असं केलं की कडांचे दोरे सुटत नाहीत.